डावीकडची काच

साहित्यविचाराच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे एक उदाहरण देत आलो. होसे ऑर्तेगा इ गासेत या स्पॅनिश विचारवंताने 1925 साली कलेच्या निर्मानुषीकरणावर जे छोटेसे पुस्तक लिहिले, त्यातले ते आहे. खिडकीच्या काचेतून आपण बाग पाहतो तेव्हा नजर बागेवर ठरते आणि काच दिसत नाही. काच पाहायची तर नजर अलीकडे ओढून घ्यावी लागते, आणि मग बागेचे नुसते रंगांचे डाग उरतात. बहुतेक लोक बाग पाहतात. कलेतली कला पाहू इच्छिणाऱ्याने काच पाहायला शिकावे, असा त्याचा रोख. उदाहरण शिकवायला फार सोयीचे. आमच्या वर्गाला खिडकी होती, खिडकीपलीकडे बाग नसली तरी भाताची खाचरे होती, आणि एक तावदान तडकलेले असल्यामुळे काच कशी पाहायची हेही मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नसे. सेवानिवृत्त होईपर्यंत या उदाहरणात काही उणे आहे अशी शंका आमच्या मनाला शिवली नाही.

ते उणे कळायला एका मोटारीची काच फुटावी लागली.

जुलै 2022 मधली गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या धंद्यात बऱ्यापैकी स्थिरावला आहे. कविता लिहिणे त्याने वेळीच सोडले, हे त्यामागचे एक कारण असावे. त्याने जर्मन बनावटीची दोन आसनांची एक मोटार घेतली होती. तिचे छप्पर कापडी. कळ दाबली की ते घडी होऊन मागे निघून जाते. पावसाळ्यात सापुताऱ्याला जायचे आणि वाटेत सरांना गाडी दाखवायची, म्हणून तो वाकडी वाट करून सुरगाण्याला आला. आमच्या गावाला जीप, पिकअप, मोटारसायकल आणि एसटी एवढी वाहने ओळखीची. ही जमिनीला पोट टेकवून चालणारी लाल वस्तू अंगणात उभी राहिली तेव्हा निम्मी गल्ली गोळा झाली. सुरगाणा संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, त्यानंतर गावात अशी मोटार आली नाही, असे शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी जाहीर केले. त्याआधी आली होती का, यावर मात्र ते काही बोलले नाहीत.

"सर, तुम्ही चालवून बघा," विद्यार्थी म्हणाला. आम्ही एकदा नाही म्हटले, ते त्याने दुसऱ्यांदा विचारावे म्हणून. वीस वर्षे आम्ही एक जुनी महिंद्रची जीप चालवली होती, घाट आम्हांला पाठ होता. बोरगावच्या रस्त्याला निघालो. पाऊस भुरभुरत होता, म्हणून छप्पर लावलेले आणि दोन्ही काचा वर चढवलेल्या. आतून काचांवर वाफ धरली होती. हे वाफेचे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण पुढचे सहा महिने आम्ही ते प्रत्येकाला सांगत होतो.

आवणीचे दिवस होते. दोन्ही बाजूंच्या खाचरांत चिखल करणे चालले होते. एक शेतकरी रस्त्याच्या डाव्या कडेने लाकडी नांगर खांद्यावर घेऊन चालला होता. पुढे बैल, मागे तो. असे आम्हांला नंतर सांगण्यात आले. आम्हांला तो दिसला तो एकदम, काचेपासून हातभर अंतरावर. इंजिनाचा आवाज ऐकून तो वळला, त्याच्याबरोबर नांगर वळला, आणि नांगराचा लोखंडी फाळ डावीकडच्या काचेला लागला.

मोठा आवाज झाला नाही. भांड्यातून वरई ओतावी तसा आवाज होऊन सबंध काच खाली आली. विद्यार्थ्याच्या मांडीवर, शर्टाच्या कॉलरमध्ये, गाडीच्या पायथ्याशी, सगळीकडे खडीसाखरेसारखे खडे. त्याला एक ओरखडाही उठला नाही. आम्ही गाडी थांबवून उतरलो. तो शेतकरी चिखलात बसला होता, नांगर शेजारी पडलेला, डावा हात उजव्या खांद्यावर. आणि आम्ही त्याला म्हणालो, "डोळे फुटले का रे तुझे?"

वाचकांपैकी जे भाषा शिकवतात त्यांनी त्या वाक्यातले सर्वनामही पाहावे. तो आमच्यापेक्षा वयाने मोठा होता. स्वतःला उभ्या जन्मात एकवचन न लावणाऱ्या माणसाने त्याला एकवचनी संबोधले, आणि ते इतके सहज की ऐकणाऱ्या तिघांपैकी कोणालाच खटकले नाही. तो म्हणाला, "चुकी झाली, गुरुजी." त्याने आम्हांला ओळखले होते, त्याचा एक पुतण्या आमच्या वर्गात बसून गेला होता.

विद्यार्थ्याचा विमा होता, त्यामुळे पैशांचा प्रश्न तितकासा नव्हता. प्रश्न काचेचा होता. ती देशात शिल्लक नव्हती, परदेशातून यायची होती. उघड्या खिडकीने पावसात पुण्यापर्यंत जाणे शक्य नव्हते. तेव्हा आमच्या जीपच्या पत्र्याच्या शेडखाली ती मोटार ठेवून तो एसटीने नाशिकला आणि तिथून पुढे गेला. खिडकीवर आम्ही जाड प्लास्टिकचा कागद लावला, चिकटपट्ट्या मारल्या. शेजारची मुलगी म्हणाली, "गाडीला इरले घातले." आवणीला वाकलेल्या बायांच्या पाठीवर पूर्वी बांबूचे आणि पानांचे इरले असे, आता बहुधा प्लास्टिकच असते. तिची उपमा आमच्या निम्म्या कवींपेक्षा बरी होती.

तिसऱ्या दिवशी तो शेतकरी घरी आला. पायलीभर नागली आणली होती. काचेची किंमत त्याच्या कानावर गेली असावी. ती आमच्या महिन्याच्या निवृत्तिवेतनाहून अधिक होती. पायलीभर नागलीने ती फिटणार नाही हे त्यालाही ठाऊक होते. ओसरीच्या पायरीवर पिशवी ठेवून तो उभा राहिला. आम्ही पुष्कळ मोठ्या मनाने, झाले ते झाले, पुढे जपून चालत जा, असे त्याला सांगितले. आणि नागली ठेवून घेतली. नको म्हटले तर त्याला वाईट वाटेल, असा विचार आम्ही केला. तिच्या भाकऱ्या चांगल्या झाल्या. त्या खाताना आम्ही घरी वाफेची हकीगत पुन्हा एकदा सांगितली.

काच यायला जवळजवळ महिना लागला. ती बसवायला नाशिकहून, म्हणजे सुमारे 90 किलोमीटरवरून, एक तरुण कारागीर आला. आमच्या जीपच्या खिडक्या म्हणजे हुडाच्या कापडात शिवलेले पारदर्शक प्लास्टिक. ते उन्हाने पिवळे पडले, घडीवर चिरले की बाजारातला ताडपत्री शिवणारा नवा तुकडा तासाभरात शिवून देई. तसलेच काहीतरी असेल असे समजून आम्ही खुर्ची टाकून बसलो आणि दुपार होईपर्यंत उठलो नाही.

त्याने आधी दाराचे आतले आवरण काढले. ते काढताना एकही खिटी मोडली नाही, याचे त्याला स्वतःलाच कौतुक वाटलेले दिसले. दाराच्या पोकळीत काचेचे खडे साचले होते. ते सगळे त्याने यंत्राने ओढून घेतले, मग बोटांनी चाचपून राहिलेले काढले. "एक जरी राहिला ना सर, तर गाडी चालली की खुळखुळणार," तो म्हणाला. शिवाय दाराच्या तळाला पावसाचे पाणी निघून जायला बारीक भोके असतात, खडे त्यांत अडकले तर पाणी आतच राहते आणि पत्रा गंजतो. मग रबरी वाट्या लावून त्याने नवी काच खोक्यातून उचलली. ती आम्हांला वाटली होती त्यापेक्षा जड होती आणि सपाट नव्हती. पाठीसारखा बाक होता तिला. तिच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याची खूण आणि मानकाचे आकडे कोरलेले होते.

"थोडी मोठी झाली तर घासून बसवता येत नाही का?" आम्ही विचारले. तो हसला. त्याने सांगितलेले आणि आम्ही मागाहून वाचलेले मिळून असे: ही काच आधी नेमकी कापून, कडा घासून, भोके पाडून घेतात, आणि मग सहाशे अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोतांनी झपाट्याने थंड करतात. वरचा थर आधी थिजतो. आतला मागाहून थंड होऊन आक्रसू पाहतो, पण वरच्याने त्याला धरून ठेवलेले असते. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा कायमचा ताणाखाली राहतो. या दोघांच्या ओढाताणीतून तिची ताकद येते. हाताने बडवा, ती साध्या काचेपेक्षा कितीतरी पट सोसते. पण कठीण, टोकदार वस्तूने वरचा थर एका ठिकाणी भेदला की गाभ्यातला सगळा ताण एकाच क्षणी मोकळा होतो आणि सबंध काचेचे बोथट खडे होतात. म्हणून तिला नंतर कापता येत नाही, घासता येत नाही, एक भोक पाडता येत नाही. समोरची काच वेगळी असते. तिच्यात दोन काचांमध्ये चिवट प्लास्टिकचा पापुद्रा असतो, ती तडकते पण जागा सोडत नाही. मनुष्यस्वभावाचे या दोन प्रकारांत वर्गीकरण करण्याचा मोह आम्हांला झाला होता. कारागीर तेवढ्यात हातोडी मागत होता, त्यामुळे तो टळला.

उघड्या मोटारीच्या दाराला वरची चौकट नसते. काच खाली जाते तेव्हा पाठीमागे काहीच उरत नाही, हीच तर त्या मोटारीची ऐट. पण त्यामुळे काच वर आल्यावर तिला धरणारेही काही नसते. छपराच्या कडेच्या रबरात तिने आपली कड नेमकी खुपसून उभे राहायचे. दाराची मूठ ओढली की ती आपण होऊन काही मिलिमीटर खाली सरकते, दार लागले की पुन्हा वर चढून रबरात शिरते. ती उंची, तो आतला कल, हे सगळे दाराच्या पोटातले बोल्ट सैल-घट्ट करत जुळवावे लागते. कारागिराने वहीच्या कागदाच्या पट्ट्या फाडून घेतल्या. एकेक पट्टी रबर आणि काच यांच्यामध्ये धरून दार लावायचा आणि पट्टी ओढून पाहायचा. सहज निघाली तर फट आहे, तिथून वारा शिटी वाजवणार. मुळीच निघाली नाही तर दाब जास्त, रबर मरणार. पट्टी थोडी कुरकुरत निघायला हवी. पुढची निघे ती मागची अडके, मागची जुळवावी तर पुढची सुटे. किती वेळा त्याने दार उघडले आणि लावले ते आम्ही मोजले नाही. आम्ही शोधनिबंध तपासत असताना एखाद्या परिच्छेदासाठी एवढा धीर धरला असता तर काही विद्यार्थ्यांचे बरे झाले असते. शेवटी गाडीवर पाणी मारून पाहायची पाळी आली तेव्हा पावसानेच ते काम केले. आत थेंब आला नाही.

विद्यार्थी गाडी न्यायला आला. आम्ही पुन्हा चालकाच्या जागी बसलो. "आता स्वच्छ दिसतंय ना सर डावीकडचं?" त्याने विचारले. "हो, आता स्वच्छ दिसते," आम्ही म्हणालो, आणि खरोखरच तसे वाटले होते. गाडी अंगणातून मागे घेताना डावीकडचे चाक झेंडूच्या वाफ्यातून गेले. अंगण अरुंद आहे, असे आम्ही म्हटले.

जानेवारी 2023 मध्ये चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून नाशिकला डोळे दाखवले. डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला, तो पाऱ्याच्या 21 मिलिमीटरपर्यंत चालतो म्हणतात, आमचा बराच वर होता. मग त्यांनी एका अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रापुढे बसवले. हनुवटी टेकायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि कडेला कुठे प्रकाशाचा कण चमकला की हातातले बटण दाबायचे. आम्ही प्रामाणिकपणे दाबत होतो. मधूनमधून यंत्र बराच वेळ काही दाखवतच नाही असे वाटून कंटाळाही आला. नंतर डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. डाव्या डोळ्याच्या वर्तुळाचा मोठा भाग काळा होता, उजव्याचेही काठ काळवंडलेले. यंत्र सबंध वेळ कण दाखवत होते.

"पण आम्हांला काळे कुठे दिसत नाही," आम्ही म्हणालो.

दिसणार नाही, डॉक्टर म्हणाले. काचबिंदूत डोळ्याच्या मज्जातंतूचे धागे हळूहळू मरतात, बहुधा कडेच्या भागापासून, आणि दुखत नाही. गेलेली जागा काळी दिसत नाही. आजूबाजूला जे आहे त्याच्या रंगाने मेंदू ती भरून टाकतो. रस्ता असेल तर रस्त्याने, पाऊस असेल तर पावसाने. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवायची. किती दिवसांपासून असेल, असे आम्ही विचारले. दिवसांपासून नव्हे, काही वर्षांपासून, असे उत्तर आले.

परतीच्या बसमध्ये आम्ही जुलै महिन्यापर्यंत मागे गेलो. पुढे हिशेब करण्यासारखे काही नव्हते.

मराठीत काच हा शब्द दोन लिंगांत चालतो. ती काच म्हणजे तावदानाची. तो काच म्हणजे दोरीचा, जूचा, सासरचा. जे रुतत राहते ते. वर्गात हे आम्ही गमतीखातर सांगत असू. काचबिंदू या शब्दातला काच यांपैकी कोणता, हा प्रश्न कधी कोणी विचारला नाही. वैद्यकाच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत काच हे डोळ्यांच्या एका विकाराचेच नाव आहे, म्हणजे हा तिसराच. आणि ऑर्तेगाच्या त्या उदाहरणात बाग आहे, काच आहे, त्यांच्यामध्ये मागेपुढे होणारी नजर आहे. ती नजर धड आहे हे मात्र त्याने गृहीत धरले आहे. आम्हीही पिढ्यान् पिढ्या मुलांना बाग आणि काच यांतले एक निवडायला सांगितले. निदान आमच्या पुरते सांगायचे तर आम्ही काच पाहिली, नको तितकी पाहिली, तिच्यावरची वाफसुद्धा पाहिली.

जीप विकली. तिचे फार दुःख झाले असे नाही. दुःख एका पायलीचे होते, आणि त्यासाठी जायला आम्ही मार्च उजाडू दिला.

त्याचे घर रस्त्यापासून आत, नदीच्या अंगाला. तो ओट्यावर बसून दोर वळत होता. आम्ही "तुम्ही" म्हणून बोलायला सुरुवात केली तेव्हा त्याने क्षणभर मागे वळून पाहिले, कोणी दुसरे आले आहे का म्हणून. आम्ही सगळे सांगितले: दोष आमच्या डोळ्यांचा होता, ते बोलणे आम्ही बोलायला नको होते. त्याने ऐकून घेतले. मग पहिला प्रश्न विचारला, "मग आता अंधाराचे कसे जाल तुम्ही?" शेवटची एसटी केव्हा असते ते त्याने आम्हांलाच समजावून दिले.

खांद्याचे त्याने आपण होऊन सांगितले नाही, विचारल्यावर सांगितले. आवणी संपेपर्यंत हात वर जात नव्हता. ऐन चिखलणीत दुसऱ्याचा नांगर आणि माणूस लावावा लागला, एक खाचर तसेच राहिले. इकडची जमीन उताराची, पाऊस धो धो पडतो आणि नार-पारच्या पाण्याबरोबर पश्चिमेला निघून जातो. लावणीचे आठ दिवस चुकले की वर्ष चुकते. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या शेतकऱ्यांत तोही होता. त्या वेळी वर्तमानपत्रांत सोललेल्या तळपायांची छायाचित्रे आली, आम्हीही हळहळलो होतो. तो म्हणाला, त्या चालण्याने पाय गेले नाहीत, पण हा खांदा अजून पावसात बोलतो.

माणूस लावल्याचे किती गेले ते विचारून आम्ही पैसे पुढे केले. तो नको म्हणेल आणि मग आम्ही आग्रह करू, असे आमच्या डोक्यात होते; गोष्टींत तसे असते. त्याने घेतले, दोनदा मोजले, बंडीच्या खिशात ठेवले. मग म्हणाला, "आणि नागली?"

आम्हांला प्रथम कळले नाही. तो हसत होता, पण विचारत होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही पायलीभर नागली घेतली आणि पुन्हा गेलो. त्याने पिशवीत हात घातला, मूठभर दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारली, उजेडाकडे धरून पाहिले. "ही आमच्या डोंगरातली नाही, गुरुजी," तो म्हणाला. "खालची आहे." आणि पिशवी उचलून घरात घेऊन गेला.